ब्लॉकला तडा गेलाय: वेल्डिंग, एपॉक्सी की नवा पॉवरहेड?

प्रश्न: माझ्या होडीला तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आहे. जुनं आहे, पण आजवर कधी कुरकुर केली नाही. या हिवाळ्यात होडी उघड्यावर राहिली आणि इंजिन टिल्ट करून वर उचललेलं होतं. मधे काही रात्री पाणी गोठेल इतकी थंडी पडली. परवा पाण्याची नळी लावून इंजिन सुरू केलं तर पहिल्या फटक्यात चालू झालं. पण वरचं कव्हर काढल्यावर दिसलं की ब्लॉकच्या बाजूने पाणी पाझरतंय. पुसून पाहिलं तर बोटभर लांबीचा बारीक तडा. एक मेकॅनिक म्हणतो, आर्गन वेल्डिंग करून देतो, काही होत नाही. दुसरा म्हणतो, ब्लॉक भंगारात टाका आणि पॉवरहेड, म्हणजे ब्लॉक, पिस्टन, क्रँक यांसकट वरचं अख्खं इंजिनच, बदला. मित्र म्हणतो, एपॉक्सी लाव आणि विसरून जा. त्याच मॉडेलचा वापरलेला पॉवरहेड विकायला एक जण तयार आहे. काय करू? आणि इंजिन तर नीट चालतंय, मग हा हंगाम असाच काढला तर चालेल का?

उत्तर: शेवटचा प्रश्न आधी घेतो. नाही, चालणार नाही. आणि पुढचं तपासून होईपर्यंत इंजिन पुन्हा सुरूही करू नका. बाहेर पाझरणारं पाणी तुम्हाला दिसलं, पण ज्या बर्फाने बाहेरची भिंत फोडली त्याने आतली सोडली असेलच असं नाही. सिलिंडरमध्ये थोडं थोडं पाणी झिरपत असेल, तर चालू इंजिन त्याची वाफ करून बाहेर फेकतं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. इंजिन बंद केलं की जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या थंड पाण्याच्या पोकळीत, उरलेलं पाणी सिलिंडरमध्ये साचतं. दुसऱ्या दिवशी स्टार्टर मारता, पिस्टन पुढे येतो, पाणी काही दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग वेल्डिंग की एपॉक्सी हा वादच संपतो. बाहेर गळणारं पाणीही निरुपद्रवी नसतं. कव्हरखाली स्टेटर, कॉइल, सगळं वायरिंग आहे. त्यावर खाऱ्या पाण्याचा फवारा बसला तर तड्याच्या दुरुस्तीपेक्षा इग्निशनचं काम मोठं होऊन बसेल.

तेव्हा आज एवढंच करा. तिन्ही स्पार्क प्लग काढा आणि कोणता कुठल्या सिलिंडरचा हे कळेल असे कागदावर ओळीने मांडा. दोन तपकिरी, काजळी धरलेले आणि एक धुऊन काढल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय असं समजायला हरकत नाही. वाफ पिस्टनचा माथासुद्धा असाच घासून काढते. टॉर्च लावून प्लगच्या भोकातून पाहिलं तर दिसतो. मग इग्निशन बंद ठेवून फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवा. भोकातून पाणी आलं तर येऊ द्या. शेवटी प्रत्येक सिलिंडरमध्ये भरपूर फॉगिंग ऑइल (गंज रोखणारं फवाऱ्याचं ऑइल) किंवा साधं टू-स्ट्रोक ऑइल घाला आणि फ्लायव्हील पुन्हा दोन-चार वेळा फिरवा. कारण निर्णय व्हायला तुम्हाला आठवडे लागतील, पण पाणी लागलेल्या लोखंडी लाइनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) आणि बेअरिंगवर गंज चढायला एक-दोन दिवस पुरतात. तडा दुरुस्त झाला आणि बेअरिंग गंजून गेलं, असे ब्लॉक कमी नसतात.

आता तुमच्या तीन सल्लागारांकडे वळू. गंमत अशी की तिघांपैकी कुणीच चुकीचं बोलत नाहीये. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोरचा तडा वेगळा आहे. तडा किती लांब आहे याला फारसं महत्त्व नाही. तो कोणत्या भिंतीत आहे, त्या भिंतीच्या एका बाजूला काय आणि दुसऱ्या बाजूला काय, यावर सगळं ठरतं. वॉटर जॅकेटच्या बाहेरच्या भिंतीत हातभर तडा असला तरी इंजिन वाचतं. मेन बेअरिंगच्या बैठकीत नखाएवढा असला तरी ब्लॉक गेला.

तुमच्या ब्लॉकमध्ये भिंती ढोबळमानाने तीन प्रकारच्या आहेत. एक, जॅकेटची बाहेरची भिंत: आत थंड करणारं पाणी, बाहेर हवा. इथे पाण्याचा दाब सहसा दोन बारच्या आत असतो, आणि थर्मोस्टॅट साधारण ५० ते ६० अंशांना उघडत असल्यामुळे तापमानही बेताचं. ही भिंत इंजिनाचा भार जवळजवळ उचलतच नाही. तिचं काम पाणी अडवायचं. दोन, सिलिंडरची भिंत आणि हेड (सिलिंडरचं झाकण) बसतं तो फेस, म्हणजे सपाट पृष्ठभाग: एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ज्वलन, आणि त्या क्षणी ३० बारच्या वर जाणारा दाब. तीन, क्रँककेस: क्रँकशाफ्ट, तिची बेअरिंगं आणि त्यांच्या बैठका.

तिसऱ्या भागाबद्दल टू-स्ट्रोकवाल्यांना मुद्दाम सांगावं लागतं. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेस फुटली तर ऑइल गळतं, आणि जॅकेटमधून पाणी आत शिरलं तर ऑइल दुधाळ होतं, डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. म्हणजे काहीतरी इशारा मिळतो. टू-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोल-ऑइलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्येच येतं आणि तिथून सिलिंडरमध्ये ढकललं जातं. त्यामुळे क्रँककेस हवाबंद असावीच लागते. तिथे तडा असला की पिस्टन वर जाताना त्या फटीतून जादा हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, सिलिंडर तापतो आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं किंवा तो जाम होतो. खाली एक थेंब गळत नाही. लोक कार्ब्युरेटर साफ करत बसतात.

तुमच्या वर्णनावरून तडा बाहेरच्या भिंतीत वाटतोय, कारण तो बाजूने दिसतोय आणि त्यातून पाणीच येतंय. पण वाटण्यावर पॉवरहेड विकत घेऊ नका आणि वाटण्यावर वेल्डिंगही करू नका. आधी डाय टेस्ट करा. क्लीनर, लाल पेनिट्रंट आणि पांढरा डेव्हलपर अशा तीन डब्यांचा संच मिळतो. तड्याच्या आसपासचा रंग खरवडून धातू उघडा करा, क्लीनरने धुवा, सुकू द्या. लाल द्रव मारून दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग पुसताना एक काळजी घ्या: क्लीनर थेट ब्लॉकवर मारू नका, कापडावर घेऊन पुसा, नाहीतर तड्यात शिरलेला लाल रंगही वाहून जातो आणि ब्लॉक ठणठणीत असल्याचा भास होतो. शेवटी डेव्हलपरचा पातळ पांढरा थर मारा. थोड्या वेळाने त्या पांढऱ्यावर लाल रेघ उमटायला लागेल आणि बहुतेक वेळा ती तुम्ही बोटाने मोजलेल्या तड्यापेक्षा लांब निघेल. ती कुठे संपते ते पाहा. मोकळ्या भिंतीतच संपत असेल तर छान. हेडच्या बोल्टच्या भोकात, एक्झॉस्ट कव्हरच्या फेसमध्ये किंवा क्रँककेसच्या जोडाकडे जात असेल, तर पुढचा सल्ला बदलतो.

डाय टेस्ट बाहेरचं सांगते. आतल्या भिंतीसाठी प्रेशर टेस्ट लागते. पॉवरहेड उतरवून जॅकेटची सगळी तोंडं प्लेट आणि रबराने बंद करायची, एका तोंडातून एक बारच्या आसपास हवा भरायची आणि ब्लॉक गरम पाण्यात बुडवायचा. गरम पाणी अशासाठी की धातू प्रसरण पावला की काही तडे उघडतात, जे थंड ब्लॉकमध्ये मिटून बसलेले असतात. बाहेरच्या तड्यातून बुडबुडे येणारच. बघायचं आहे ते बोअरच्या (सिलिंडरच्या पोकळीच्या) आत आणि क्रँककेसमध्ये. हे काम ऑटोमोबाइल हेड तपासणारं कोणतंही मशिन शॉप करू शकतं. जो मेकॅनिक याआधीच ‘करून टाकू’ म्हणतो, तो वेल्डिंगचा असो वा भंगाराचा, त्याला जरा थांबवा.

आणखी एक खात्री करून घ्या: हा खरंच तडाच आहे ना? खाऱ्या पाण्यात चाललेल्या जुन्या ब्लॉकला कधी कधी आतून गंज खात येतो आणि बाहेर जे दिसतं ते कुजलेल्या भिंतीला पडलेलं भोक असतं. अॅल्युमिनियमचा गंज पांढऱ्या भुकटीसारखा. टोकदार सुईने आजूबाजूला दाबून पाहा. धातू कडक लागला तर तडा. सुई रुतली किंवा पापुद्रे निघाले तर वेल्डिंगलाही पकडायला धातू उरलेला नाही आणि एपॉक्सीलाही. आज इथे बुजवाल, पुढच्या महिन्यात शेजारी फुटेल.

समजा, दोन्ही चाचण्यांत आतलं सगळं शाबूत निघालं आणि तडा फक्त बाहेरच्या भिंतीत आहे. गोठण्याने फुटलेल्या ब्लॉकमध्ये अशी शक्यता बरीच असते. बर्फ होताना पाणी ९ टक्क्यांच्या आसपास फुगतं आणि दोन्ही भिंतींना ढकलतं. आतल्या भिंतीच्या पाठीशी लोखंडी लाइनर असतो, बाहेरची एकटी आणि पातळ, म्हणून आधी ती फुटते. इथे मी तुमच्या मित्राच्या बाजूचा आहे. फक्त ‘लाव आणि विसरून जा’ यातलं ‘विसरून जा’ सोडून.

एपॉक्सीला जुगाड म्हणून नाक मुरडणारे बरेच आहेत, आणि ज्या पद्धतीने ती सहसा फासली जाते ते पाहता त्यांचं नाक मुरडणं बरोबरच आहे. ओलसर, तेलकट ब्लॉकवर रंगावरून थापलेली एपॉक्सी पहिल्याच गरम-थंड फेऱ्यात सुटते. आधी तड्याच्या दोन्ही टोकांना, म्हणजे डायने दाखवलेल्या टोकांना, दोन-अडीच मिलिमीटरचं एकेक भोक पाडा. तडा पुढे सरकतो तो त्याच्या अणकुचीदार टोकामुळे. तिथे गोल भोक आलं की ताण विखुरतो. मग ग्राइंडरच्या बारीक बिटने तड्याच्या बाजूने ‘व्ही’ आकाराची खाच करा, भिंतीच्या निम्म्या जाडीपर्यंत, आरपार नाही. आजूबाजूचा दोन-तीन सेंटिमीटर पट्टा जाड सँडपेपरने खरबरीत करा. ॲसिटोनने पुसा, आणि पांढरं कापड पांढरंच राहीपर्यंत पुसत राहा. हेअर ड्रायर किंवा हीट गनने ब्लॉक कोमट करा म्हणजे तड्यात दडलेलं पाणी निघेल. निघालं की परत ॲसिटोन.

एपॉक्सी घेताना पाच मिनिटांत घट्ट होणारी घेऊ नका. ती घाईच्या कामाची. ५०-६० अंशांनाच मऊ पडायला लागते, म्हणजे नेमकी तुमच्या ब्लॉकच्या तापमानाला. धातूची पूड मिसळलेली, घट्ट व्हायला चोवीस तास घेणारी आणि डब्यावर १२० अंश किंवा जास्त तापमान छापलेलं असेल ती घ्या. आता यातली खरी युक्ती. जॅकेटची बाकीची तोंडं चिकटपट्टीने बंद करा आणि एका तोंडाला व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावा. क्लीनर चालू ठेवून खाचेत एपॉक्सी भरली की ती तड्याच्या आत ओढली जाते, नुसती वर बसत नाही. भिंतीच्या आतल्या बाजूला ती जराशी उतरली की पकड कितीतरी वाढते. फार वेळ ओढू मात्र देऊ नका, पाण्याची वाट आतून बुजेल. वर फायबरच्या कापडाची पट्टी किंवा अॅल्युमिनियमची पातळ प्लेट त्याच एपॉक्सीत बसवा. प्लेट स्क्रूने आवळायची असेल तर स्क्रूवर सीलंट लावा. स्टेनलेसचा उघडा स्क्रू, अॅल्युमिनियम आणि खारं पाणी हे तिघे एकत्र आले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. मग पूर्ण चोवीस तास हात लावू नका. थंडी असेल तर त्याहून जास्त.

याच भिंतीला तुमचा पहिला मेकॅनिक वेल्डिंग करायला निघालाय, आणि तिथे माझी अडचण आहे. वेल्डिंग वाईट नाही. पण बाहेरच्या भिंतीसाठी ते माझ्या यादीत शेवटी येतं, कारण त्यात चांगला भाग बिघडवण्याची ताकद आहे. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्या वर. म्हणून इथे एसी करंटवर टिग, म्हणजे आपण आर्गन म्हणतो ते, लागतं. त्यात तुमचा ब्लॉक ओतीव आहे आणि वर्षानुवर्षं खारं पाणी, ऑइल आणि धूर प्यायलेला आहे. आर्क लागला की ते सगळं बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येतं आणि वेल्ड जाळीदार होतं. जाणता वेल्डर ब्लॉक आधी तापवून, घासून, पुन्हा तापवून ही घाण काढत राहतो; पहिला पास मुद्दाम खरवडून टाकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वितळलेलं अॅल्युमिनियम घट्ट होताना ६ टक्क्यांच्या आसपास आकसतं आणि शेजारचा धातू ओढतं. शेजारी तुमचा बोअर आहे. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासची. बोअर तेवढा ओव्हल व्हायला वेळ लागत नाही. शिवाय अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे एकाच जागी जास्त उष्णता दिली तर लाइनर सैल होण्याची भीती असते.

तरीही तडा बोल्टच्या भोकापर्यंत किंवा फेसपर्यंत गेला असेल तर वेल्डिंगशिवाय गत्यंतर नाही, कारण तिथे ताण आहे आणि एपॉक्सी तो झेलणार नाही. मग वेल्डरला विचारायचे प्रश्न वेगळे. ब्लॉक पूर्ण मोकळा करून घेणार का, की वर सगळं बसवलेलं असतानाच आर्क मारणार? क्रँककेसचे दोन्ही अर्धे एकमेकांना बोल्टने पूर्ण टॉर्कवर आवळून वेल्ड करणार का, म्हणजे ओढ बसली तरी आकार टिकेल? आधी ब्लॉक शे-दीडशे अंशांपर्यंत सगळीकडून सारखा गरम करून घेणार आणि नंतर हळू गार होऊ देणार का? कोणती सळई वापरणार? ४०४३ किंवा ४०४७ म्हणाला तर बरोबर. या सिलिकॉनवाल्या सळया ओतीव अॅल्युमिनियमशी जुळतात आणि जास्त वाहत्या असल्यामुळे तडकत नाहीत. ५३५६ म्हणाला तर नको. ती मॅग्नेशियमवाली आहे, आणि सतत ६५ अंशांच्या वर राहणाऱ्या कामाला ती सुचवत नाहीत. आणि वेल्डनंतर फेस मारून, बोअर मोजून देणार का? याचं उत्तर ‘त्याची गरज नाही’ असं आलं तर ब्लॉक उचलून घरी आणा.

इथे एक धोक्याची सूचना. वेल्डिंगपूर्वी ब्रेक क्लीनरने ब्लॉक धुऊ नका. क्लोरीनयुक्त क्लीनरचे अवशेष आर्कच्या उष्णतेत फॉस्जीन वायू तयार करतात, आणि तो फुप्फुसं निकामी करतो. ॲसिटोन वापरा आणि ते पूर्ण उडून गेल्यावरच आर्क लावू द्या. साध्या गॅस टॉर्चने लागणाऱ्या त्या ‘चमत्कारी’ सळया मिळतात, त्यांचाही मोह टाळा. बहुतेक जस्ताच्या असतात, ४०० अंशांच्या आसपास वितळतात, आणि त्यासाठी एवढा मोठा ब्लॉक गॅसने तापवायचा म्हणजे ओढ आणि वाकणं अटळ. खाऱ्या पाण्यात जस्त आधी झिजतं हे तर इंजिनाला ॲनोड लावणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको.

तडा सिलिंडरच्या भिंतीत निघाला तर? लाइनर बदलून काही इंजिनं वाचतात, पण टू-स्ट्रोकच्या लाइनरला पोर्ट (वायू आत-बाहेर जाण्याच्या खिडक्या) असतात आणि ते मिलिमीटरच्या अचूकतेने जुळावे लागतात. हे काम करणारा माहितीतला माणूस असेल तरच. मेन बेअरिंगच्या बैठकीत किंवा दोन सिलिंडरमधल्या आडव्या भिंतीत तडा असेल, किंवा रॉड तुटून बाजूने खिडकी पडली असेल, तर तुमचा दुसरा मेकॅनिक बरोबर आहे. तिथे पैसे घालू नका.

बदलायचंच ठरलं तर ‘फक्त ब्लॉक’ हा शब्द ऐकून हुरळू नका. ब्लॉक आणि क्रँककेसचा पुढचा अर्धा भाग कारखान्यात एकत्र बोल्ट करून एकाच वेळी बोअर केलेले असतात. ते जोडीनेच जगतात. एका इंजिनाचा ब्लॉक आणि दुसऱ्याचा क्रँककेस कव्हर बसतो, बोल्टही लागतात, आणि क्रँकशाफ्ट मात्र घट्ट फिरते. मोकळा नवा ब्लॉक मिळाला तरी त्याबरोबर रिंगा, बेअरिंगं, सील, पूर्ण गॅस्केट सेट आणि जोडणाऱ्याची मजुरी येते. म्हणून बहुतेकांना क्रँक आणि पिस्टनसह जोडलेला, वॉरंटी असलेला रिबिल्ट पॉवरहेडच परवडतो. तो घेताना जुना पॉवरहेड परत द्यावा लागतो. तडा गेलेला ते कोअर, म्हणजे बदल्यात द्यायचा जुना भाग, म्हणून स्वीकारतात का, हे पैसे देण्याआधी लेखी विचारा. बरेच जण स्वीकारत नाहीत.

आता तुमच्या समोर असलेला वापरलेला पॉवरहेड. तो अजून इंजिनावर बसलेला असेल तर उतरवण्याआधी गरम करून तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तुमच्या समोर मोजायला सांगा. आकडा किती येतो त्यापेक्षा तिघांत फरक किती आहे ते बघा; १० टक्क्यांच्या आत हवा. उतरवून बाजूला पडलेला असेल तर फ्लायव्हील फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका, एक्झॉस्ट कव्हर काढून पिस्टनच्या बाजूवर ओरखडे आहेत का पाहा. ते कव्हर काढू देत नसेल तर तेही एक उत्तरच आहे. ब्लॉकच्या एखाद्याच जागी ताजा रंग दिसला तर तिथे नख लावून पाहा. विकणाऱ्याचा हिवाळाही तुमच्यासारखाच गेला असू शकतो.

‘त्याच मॉडेलचा’ यावरही भरवसा ठेवू नका. ट्रान्समला (होडीच्या मागच्या फळीला) इंजिन धरणाऱ्या ब्रॅकेटच्या पट्टीवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर घ्या आणि पार्ट कॅटलॉगमध्ये ब्लॉकचा पार्ट नंबर जुळवा. कंपन्या एकाच ओतकामातून दोन-तीन वेगवेगळ्या हॉर्सपॉवरची इंजिनं काढतात. फरक पोर्ट, रीड (क्रँककेसच्या तोंडावरच्या एकतर्फी झडपा), कार्ब्युरेटर आणि टायमिंगमध्ये असतो. मोठ्या पॉवरचा ब्लॉक चुकून बसवलात तर होडीच्या प्लेटवर लिहिलेली मर्यादा ओलांडली जाईल आणि इंजिनही नीट चालणार नाही. ड्राइव्हशाफ्टच्या स्प्लाइन (टोकावरचे खाचे) मोजा. आणि खाऱ्या पाण्यातल्या जुन्या इंजिनाचे पॉवरहेडचे बोल्ट सुटताना तुटतात, हा खर्च हिशेबात आधीच धरा.

एक बारीक गोष्ट, जिच्यापायी चांगले ब्लॉक जोडतानाच फुटतात. हेडचे बोल्ट ज्या बंद तळाच्या भोकांत जातात, ती आधी हवेने फुंकून कोरडी करा. तळाशी ऑइल किंवा पाणी राहिलं आणि वरून टॉर्क रेंचने बोल्ट आवळला, तर अडकलेल्या द्रवाला जायला जागा नसते आणि बोल्टच्या बाजूची भिंत चिरते. दोष मात्र ‘कच्च्या कास्टिंग’ला दिला जातो.

नवं इंजिन घेण्याचा विचार तुम्ही लिहिला नाही, पण तो मनात असेल. तुमच्या कंपनीचे भाग मिळतात का यावर तो अवलंबून ठेवा. इव्हिनरूडचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं, आणि कार्ब्युरेटरवाली टू-स्ट्रोक इंजिनं प्रदूषणाच्या नियमांमुळे अनेक देशांत नवी विकत नाहीत. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक बहुधा जड असतं. तुमचा ट्रान्सम ते पेलेल का हे आधी बघा. गिअरकेस (प्रोपेलरजवळचा खालचा गिअरचा डबा) चांगली, तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आणि तडा बाहेरचा असेल, तर मी हे इंजिन बदलणार नाही.

दुरुस्तीनंतर थेट पाण्यात जाऊ नका. नळी लावून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, पूर्ण गार होऊ द्या, आणि हे चार-पाच वेळा करा. तडा उघडायचा असेल तर या गरम-थंडीतच उघडेल. त्याच वेळी नवा इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चाक) आणि नवा थर्मोस्टॅट टाका. जुना इम्पेलर काढल्यावर त्याची पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर तो तुकडा वर जॅकेटमध्ये कुठेतरी अडकलेला आहे, आणि मग ब्लॉक गोठून फुटला की आधी तापून कमजोर झाला, हा प्रश्न पुन्हा उघडा होतो. हेडजवळचा रंग करपलेला किंवा फोड आलेला दिसला तर दुसरी शक्यता जास्त. पहिले काही दिवस किनाऱ्याजवळ राहा, वल्ही आणि नांगर होडीत ठेवा, प्रत्येक फेरीनंतर प्लग काढून बघा.

पुढच्या थंडीसाठी एकच गोष्ट: इंजिन खाली, सरळ उभं. आउटबोर्डची रचनाच अशी आहे की उभं ठेवलं तर जॅकेटमधलं पाणी आपोआप खाली निघून जातं. टिल्ट केलं की कोपऱ्यांत अडकतं. प्रोपेलरच्या हबमधून एक्झॉस्ट जाणाऱ्या इंजिनात तर टिल्ट केलेल्या हबमध्ये पावसाचं पाणीही साठतं आणि गोठून गिअरकेस फोडतं.

म्हणजे तुमची गिअरकेसही संशयाच्या यादीत आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही पत्रात काहीच लिहिलेलं नाही. पॉवरहेडवर काहीही ठरवण्याआधी तिचा खालचा स्क्रू उघडा. आधी पाणी आलं किंवा ऑइल दुधाळ निघालं, तर तिचीही प्रेशर टेस्ट करून घ्या, आणि मग दोन्हींचा खर्च एकत्र मांडा.